पाचशे तीस ग्रॅमचा चाप

माझ्या वडिलांनी खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काडतुसांच्या पेट्या उचलल्या. बंदूक मात्र कधी हातात धरली नाही. पाठ गेली तेव्हा त्यांना हलकं काम दिलं, म्हणजे झाडू दिला. आई कॅम्पातल्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करायची. थोरला भाऊ नववीतच शाळा सोडून गॅरेजात लागला, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे आणि तिला भावाच्या हाताचं ऑइल लागलेलं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी रागानं सांगणार आहे. तो राग कुठून येतो हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

कॉलेजात एन.सी.सी.त माझी रायफल चांगली चालायची, म्हणून आमच्या अधिकारी बाईंनी मला शहरातल्या एका नेमबाजी क्लबात पाठवलं. तिथे विद्यार्थ्यांना क्लबचं एअर पिस्तूल वापरायला मिळे. पहिल्या दिवशी सचिवांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले, "असं होय." आणि मागच्या व्हरांड्याकडे बोट केलं. तिथे बाकड्यावर एक माणूस कानस घेऊन बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "हात."

मला कळेना. काही मागतोय की काय?

"हात दाखव गं. तोंड बघून काय करू?"

हे शिरसाट काका. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये शस्त्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले. शिक्षण आठवी. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांनी खाकी कागदावर माझा पंजा आखून घेतला, क्लबचं पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याची मूठ सुपाएवढ्या पंजासाठी केलीय. तुझा हात त्यात भाड्यानं राहिल्यासारखा राहील. आधी मूठ करू, मग नेम शिक."

मूठ करायला त्यांना तीन आठवडे लागले. माझ्या तळव्याला दिव्याची काजळी फासायची, लाकडी मूठ घट्ट धरायला लावायची आणि जिथे काळं उमटेल तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. मी रोज काळा हात घेऊन घरी जायची. मूठ बरोबर झाली हे ओळखायची त्यांची एकच परीक्षा होती. "डोळे मिट. हात उचल. आता उघड. माशी कुठंय?" नळीच्या टोकावरचा उभा तुकडा म्हणजे माशी. ती मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. "उजवीकडं गेलीय," मी म्हणायची. "मग लाकूड चुकलंय. तू हलू नको, लाकूड हलव." चूक आधी सामानात शोधायची, माणसात नंतर, असं मला आयुष्यात दुसऱ्या कोणी शिकवलं नाही. बाकी सगळीकडे आमच्यासारख्यांच्या बाबतीत उलटच चालतं.

तेव्हा परदेशी मालाची आयात नुकती मोकळी झाली होती. सभासद जर्मन पिस्तुलं, इटालियन बूट, चामड्याच्या पेट्या घेऊन यायचे. काका पेटीकडे बघायचेही नाहीत. "डब्याचा फोटो काढून घ्या," म्हणायचे, "पिस्तूल माझ्याकडं द्या." नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर लावायला मला पट्टी हवी होती. परदेशी पट्टी परवडणारी नव्हती. त्यांनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून टोपीला अडकवून दिलं. फुटपट्टीनं दोनदा मोजलं. "तीस मिलिमीटर रुंद. एकतीस झालं तर पंच काढायला लावील, आणि बरोबर करील."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. दर रविवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते मोठ्यानं वाचायचं, मराठीत सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. एकदा ऐकलेला आकडा त्यांच्या डोक्यातून जात नसे. "इंग्रजी तुझं, बोटं माझी," ते म्हणायचे. क्लबात त्यांच्याइतके नियम कोणाला येत नव्हते. तरी दोन वर्षं पिस्तूल धरलेला कोणीही तिथे 'सर' होई आणि काका 'मिस्त्री'च राहिले. एकदा त्यांनी सचिवांना सांगितलं की तुमच्या मुलाची मूठ मनगटाला टेकते, ते चालत नाही. सचिव गोड आवाजात म्हणाले, "मिस्त्री, आपण नियम शिकवायला येता की स्क्रू आवळायला?" काकांनी मूठ घासून दिली. मी चिडले तर म्हणाले, "बोलू दे. मूठ कमी झाली ना?"

आता चापाची गोष्ट. एअर पिस्तुलाचा चाप ओढायला किमान पाचशे ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. तपासताना नळी वर करतात, चापाला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवतात आणि पिस्तूल हळू उचलतात. वजन चापावर तोललं गेलं तर पास. चाप आधीच सुटला तर नापास. चाप जितका हलका तितकं बरं, म्हणून सगळ्यांना तो पाचशेला चिकटून हवा असतो. काका पाचशे तीसच्या खाली कोणालाही देत नसत. "पाचशे नियमाचे, तीस माझे. सकाळी गारठा, दुपारी ऊन. स्प्रिंग काय तुमच्या घरची नोकर हाय, सांगेल तशी वागायला?"

राज्य स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या तपासणीत आमच्या क्लबची सगळी पिस्तुलं पहिल्या झटक्यात पास झाली. सचिवांच्या मुलाचंही. त्याचं नाव निखिल, माझ्याच वयाचा. तपासणीनंतर मी त्याला स्कूटरच्या रांगेमागे बघितलं. तो बारीक किल्लीनं चापाचा स्क्रू फिरवत होता. "अर्धाच फेरा," तो म्हणाला. "बाहेरचे सगळे एकदम पाचशेवर ठेवतात. मिस्त्रीला बोलू नकोस हं, लेक्चर देईल."

निखिल दुसरा आला. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठ्या टाकून काही पिस्तुलं पुन्हा तपासतात, त्यात त्याची चिठ्ठी निघाली. तीनदा वजन लावलं, तीनदा चाप सुटला. निकाल रद्द. पंचांनी विचारलं, "चाप कोणी लावला?" निखिलनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आमचे मिस्त्री बघतात ते." माझ्या काखेत क्लबच्या पिस्तुलाची पेटी होती. पुढच्या महिन्यात माझी राष्ट्रीय निवड चाचणी होती. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यकारिणीनं काकांना बोलावलं. सात माणसं बसलेली, ते उभे. मी व्हरांड्यात ऐकत होते. 'निष्काळजी काम' हे शब्द कानावर आले आणि मी आत गेले. सांगितलं, स्क्रू निखिलनं फिरवला, मी बघितलं.

"आपण सभासद आहात?" सचिवांनी विचारलं.

"नाही. पण मी तिथे होते."

"सभासद नसलेल्यांचं म्हणणं इतिवृत्तात घेता येत नाही. जाताना दार ओढून घ्या."

सकाळी पास झालेलं पिस्तूल दुपारी नापास झालं, याचा अर्थ न कळण्याइतकं त्या सातांत कोणी मूर्ख नव्हतं. दोघे इंजिनिअर होते. त्यांनी लिहिलं, 'मिस्त्री शिरसाट यांच्या निष्काळजी कामामुळे क्लबची बदनामी झाली. त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.'

काका बाहेर येऊन कानशी पिशवीत भरू लागले. मी म्हटलं, "काका, मी सांगितलं त्यांना."

"काल का न्हाई सांगितलंस?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "काल तिथं पंच होते. रजिस्टर होतं. आज इथं नुसता पोराचा बाप हाय."

आठवड्याभरात क्लबनं माझ्याकडून पिस्तूल काढून घेतलं. निवड चाचणी बुडाली. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. ते माझ्या गप्प बसण्याचं भाडं होतं.

त्यांनी खडकीला घरातच बाकडं मांडलं. सुरुवातीला इतर क्लबांची दोन-चार मुलं आली. मग 'तो चाप हलका करून देतो' हे पसरलं आणि कोणी येईनासं झालं. ज्या माणसानं तीस ग्रॅम सोडले नाहीत, त्याच्याबद्दल हे. ते शिलाई मशीन आणि कुकर दुरुस्त करू लागले. मी बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सॉफ्टवेअर कंपनीत लागले. पगार हातात खेळू लागल्यावर सगळ्यात आधी त्याच क्लबचं आजीव सभासदत्व घेतलं. नवीन सचिव आले होते, त्यांना कंपनीचं नाव पुरलं. आडनाव कोणी विचारलं नाही.

काकांना सांगायला गेले तर ते भडकले. "ज्यांनी मला उभं ठेवलं त्यांच्या घरी पैसे भरून आलीस?"

"मग काय करू? बाहेरून ओरडू? माझं म्हणणं लिहून घ्यायला मी आत बसलेली असायला पाहिजे."

"मला न्हाई पायजे त्यांचं लिहिलेलं."

"मला पाहिजे," मी म्हणाले. "नाडी मी बांधली होती."

त्यांना नाडीचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं कुकरचं झाकण बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "तपासणीचं रजिस्टर मिळव. तोंडी काय सांगू नको. कागद दाखव."

जिल्हा संघटनेच्या कपाटातून त्या सकाळच्या पानाची प्रत काढायला मला सात अर्ज करावे लागले. निखिल तोवर अमेरिकेत होता. त्याला ईमेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: 'हो, मीच फिरवला होता. किती जुनी गोष्ट आहे यार, सोड ना.' त्या 'सोड ना'चा मला जेवढा राग आला, तेवढा त्याच्या बापाचाही आला नव्हता. एका माणसाचं काम गेलं, नाव गेलं आणि हा म्हणतो सोड. मी त्याचा प्रिंट काढला.

वार्षिक सभेला सहा आठवडे असताना काका गेले. सकाळी चहा पिता पिता. क्लबातून कोणी आलं नाही. माझ्या भावानं खांदा दिला.

सभेत मी रजिस्टरचं पान वाचलं, त्यात सकाळी निखिलच्या पिस्तुलापुढे 'पास' लिहिलेलं होतं. मग ईमेल वाचला. माजी सचिव पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, "आता ते हयात नाहीत. कशाला उकरायचं?" मी म्हणाले, "इतिवृत्त हयात आहे. ते दुरुस्त करा." हात वर करून मत घेतलं. माजी सचिवांचा हात खालीच होता, बाकीच्यांचे वर गेले.

क्लबच्या इतिवृत्तात आता अशी नोंद आहे: 'राज्य स्पर्धेच्या दिवशी चापातील दोष श्री. शिरसाट यांच्या कामामुळे नव्हता. तपासणीनंतर सभासदाने स्वतः स्क्रू फिरवला होता. पूर्वीचा ठराव चुकीचा होता, तो रद्द करण्यात येत आहे.' खाली अध्यक्षांची सही आणि क्लबचा शिक्का आहे. मसुदा माझा आहे.