सासूबाईंचा श्वास आणि मशीनची घाई

माझ्या सासूबाईंनी माझ्या पोळ्यांना नावं ठेवणं एकदम बंद केलं, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता. पण मी खूश झाले. वाटलं, बारा वर्षांनी का होईना, जमली आपल्याला पोळी.

त्या निपाणीच्या. तिथे त्यांनी तीस वर्षं खानावळ चालवली, तीही चुलीवर. गॅस आला तोवर त्यांची छाती आतून पार धुरकटली होती. बेंगळुरूला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा डॉक्टरांनी फुफ्फुसांच्या या दुखण्याचं सीओपीडी असं नाव सांगितलं आणि विचारलं, सिगरेट, विडी काही? सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन प्रश्न त्यांनी मलाच विचारले.

तर त्या गप्प झाल्या. मेथी निवडता निवडता डुलक्या काढायला लागल्या. दुपारी चारला उठून विचारायच्या, सकाळ झाली का. नवरा म्हणाला, वय झालंय. मीही मान डोलावली. मग एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरून मला ‘आक्का’ म्हटलं. त्यांची आक्का, म्हणजे थोरली बहीण, जाऊन आठ वर्षं झाली होती. मी कप खाली ठेवला आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं.

सर्जापूर रोडवरच्या त्या सकाळच्या गर्दीत हॉस्पिटल गाठायला पाऊण तास लागला. मनगटातून रक्त काढलं. डॉक्टर म्हणाल्या, यांना हवा आत घेता येते, पण पुरेशी बाहेर टाकता येत नाही. कार्बन डायऑक्साइड साठतो, तो डोक्यापर्यंत गेलाय, म्हणून ही झोप आणि हा गोंधळ. तोंडानाकावर घट्ट मास्क बसवला आणि त्याला एक मशीन जोडलं. घशात नळी नाही, काही नाही. श्वास घेतला की मशीन मागून जोर देतं, सोडला की जोर कमी करतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मास्क बाजूला करून मला पहिलं वाक्य ऐकवलं, “इथल्या उपम्यात मीठ न्हाई. तू केलायस काय?”

मला रडूच आलं. नवऱ्याला वाटलं, उपम्याच्या अपमानाने.

सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो, सोबत एक मशीन घेऊन. रात्रभर लावायचं आणि दुपारी दोन तास. सासूबाईंना ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्यांच्या मते त्याचा मुख्य दोष हा, की ते लावल्यावर बोलता येत नाही.

मी एका आयटी कंपनीत टीम सांभाळते. कोण किती तास लॉग-इन होतं हे बघणं माझ्या अंगवळणी पडलेलं. मशीनचं ॲप मिळालं तेव्हा मला आनंदच झाला. व्हाइटफील्डला ऑफिसला जाताना कॅबमध्ये बसून मी आधी सासूबाईंचे तास बघायची, मग टीमचे.

“माझी हजेरी घेतीस व्हय गं?” त्या म्हणाल्या.

“हो. आणि काल दुपारची दांडी आहे.”

दुसऱ्या दिवसापासून हजेरी सुधारली. दुपारचे दोन तास, अगदी घड्याळ लावल्यासारखे. मी नवऱ्याला ऐकवलं, बघ, माणसं कशी सांभाळायची ते. आठवडाभराने माझं लक्ष ॲपमधल्या खालच्या ओळीकडे गेलं. तिथे हवेची गळती दाखवत होतं. रात्री ठीक होती. दुपारी मात्र इतकी, की मास्क चेहऱ्यावर आहे की खिडकीवर, असा प्रश्न पडावा.

बुधवारी मी घरून काम करत होते. तीन वाजता हळूच त्यांच्या खोलीत गेले. मशीन चालू होतं. मास्क उशीवर पालथा, त्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी. सासूबाई खिडकीपाशी बसून लसूण सोलत होत्या.

“तांदळाला बरं वाटतंय का आता?” मी विचारलं.

त्यांनी लसणीची पाकळी ताटलीत टाकली. “तुझ्यापेक्षा शहाणा हाय. गप पडलाय.”

मी खूप बोलले त्या दिवशी. हॉस्पिटलची आठवण करून दिली, त्यांच्या मुलाच्या जिवाला लागलेला घोर सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते मशीन माझं ऐकत न्हाई. मी सोडायला लागले की ते आत घालतंय. आणि मी ओढायला लागले की गप बसतंय. रात्री झोपेत कळत न्हाई, पण जागेपणी भांडणच हुतंय त्याच्याशी.”

“सवय होईल,” मी म्हणाले. ऑफिसातही नवीन सॉफ्टवेअरबद्दल मी हेच सांगते.

फिजिओथेरपी शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. आनेकलहून, दोन बस बदलून. सासूबाईंना अम्मा म्हणायची. त्या तिला ‘मगळे’ म्हणायच्या, लेकीसारखं. दोघींचं कानडी भराभर चालायचं आणि मध्येच दोघी माझ्याकडे बघून हसायच्या. इतक्या वर्षांत माझं कानडी ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, यापुढे गेलेलं नाही, त्यामुळे काय हसल्या ते आजवर कळलेलं नाही. तिने पहिल्याच दिवशी ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “तीस वर्षं फुंकणी फुंकली मी. मला फुंकायला शिकवतीस?” आणि एका दमात तिच्यापेक्षा जास्त वेळ फुंकून दाखवलं. मग पाच मिनिटं खोकत बसल्या, ते वेगळं.

त्या शुक्रवारी मी तिच्याकडे तांदळाची तक्रार केली. मला वाटलं, तीही रागावेल. तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, “अम्मा, लावून दाखवा बरं.”

मास्क लावला. ती पलंगाच्या कडेला बसली, एक हात सासूबाईंच्या पोटावर, दुसरा मानेच्या बाजूला. मी बोलायला गेले तर म्हणाली, “स्वल्प ताळी.” थांबा जरा. मग बराच वेळ ती हातांनीच ऐकत राहिली.

शेवटी तिने माझा हात घेऊन सासूबाईंच्या मानेवर ठेवला. कातडीखाली एक दोरी ताणली जात होती, सुटत होती, पुन्हा ताणली जात होती. “ही दोरी ताणली की अम्मांनी श्वास ओढला असं समजा,” ती हिंदीत म्हणाली. “आता मशीनचा आवाज ऐका.”

मी ऐकलं. दोरी ताणली, मशीनने फूं केलं. दोरी ताणली, मशीन गप्प. दोरी ताणली, तरीही गप्प. मग फूं, आणि तेही इतकं लांबलेलं, की सासूबाईंचं पोट हवा बाहेर ढकलायला लागलं तरी ते आत भरतच होतं.

“आधीची हवा नीट बाहेर पडायच्या आत मशीन पुढची भरतंय,” ती म्हणाली. “छाती भरलेलीच राहते. मग पुढचा श्वास ओढायला अम्मा जीव लावतात, पण तो मशीनपर्यंत पोचतच नाही. ते मदतीला ठेवलंय आणि यांनाच राबवतंय.”

मास्कच्या आतून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बोलता येत नव्हतं, पण चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. माझा हात अजून त्यांच्या मानेवर होता. त्यांनी बुधवारी हेच सांगितलं होतं, आणि मी दोन आठवडे त्यांना तास मोजून दाखवत होते.

तिने छातीचा आणि मशीनचा एकत्र व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला. सोमवारी बोलावणं आलं. हॉस्पिटलमधल्या तंत्रज्ञाने मशीन टेबलावर ठेवून सेटिंग बदललं. आत भरण्याचा वेळ कमी केला, जोर थोडा उतरवला, आणखी एकदोन गोष्टी फिरवल्या. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायच्या, आता? सासूबाई अंगठ्याने नाही म्हणायच्या. चौथ्या वेळी त्यांचे खांदे खाली आले. तोवर ते इतके वर चढलेले होते, हे मला ते उतरल्यावर कळलं. अंगठा वर झाला, आणि दहा मिनिटांत त्या त्याच खुर्चीत झोपून गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका, ही साधी झोप आहे.

फुफ्फुसं काही सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. त्या लिफ्टपर्यंत दोनदा थांबून जातात. स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात आणि तिथून कारभार करतात. बोलायला दम पुरतो, हे मला रोज कळतं. ॲप मी काढून टाकलेलं नाही, पण आता आधी त्यांना विचारते, मग बघते.

मागच्या महिन्यात बाजूच्या विंगमधल्या एका निवृत्त कानडी गृहस्थांना तसलंच मशीन लागलं. ते मास्क लावायला तयारच नव्हते. त्यांची सून आमच्याकडे आली, सासूबाईंनी जरा समजवावं म्हणून. त्या साडी बदलून, मध्ये एका बाकावर बसून, तिच्यासोबत गेल्या. तासाभराने परतल्या आणि पाणी पिऊन झाल्यावर मला म्हणाल्या, “मशीन बरं हाय त्याचं. मास्क मोठा झालाय, वारं डोळ्यात जातंय. त्याच्या सुनेला सांगितलंय बदलून आण म्हणून.”

“आणि त्यांना काय सांगितलंत?”

“त्याला कशाला काय सांगायचं? त्याला विचारलं.”