न दिसणाऱ्या तीन कॉम्प्युटरांची राखण

मंडळी, आज मी माझ्याच घरात कोंडून पडले, आणि दाराला कुलूपही नव्हतं.

माझा मुलगा घरूनच नोकरी करतो. माझ्या खोलीत एसी आहे म्हणून त्याने तिथे एक मोठा कॉम्प्युटर आणून ठेवलाय आणि त्याच्या पोटात आणखी तीन चालवलेत. डोळ्यांना दिसत नाहीत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. तिघांचा मिळून क्लस्टर. एक पडलं की दुसरं त्याचं काम उचलतं.

आज तो मित्राच्या साखरपुड्याला चिपळूणला निघाला. "आई, लाईट गेली तर इन्व्हर्टर संपायच्या आत तिन्ही बंद कर. आधी तिसरं, मग दुसरं, शेवटी पहिलं. घर सोडू नकोस."

"अरे, सुधा आज कायमची लेकीकडे बडोद्याला चाललीय. स्टेशनवर तरी जाऊन येते."

"आजचा दिवस फक्त, आई. सोमवारी डेमो आहे माझा."

सुधा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला फोनवरच निरोप दिला. म्हणाली, "तेव्हा कॉन्व्हेंटच्या सिस्टर वर्गात कोंडायच्या, आता तुझा लेक." ती हसली. मला हसू आलं नाही.

दिवसभर लाईट गेली नाही. संध्याकाळी परतून चिरंजीव म्हणाले, "बघ, काही झालं नाही."

त्याचं काही झालं नाही, हे खरं.

मी विचारलं, "एक पडलं की दुसरं उभं राहतं ना? मग माझ्या जागी कोण होतं?"

"तू आहेस म्हणून तर निश्चिंत गेलो," असं म्हणून त्याने चहा मागितला.

हे कौतुक आहे असं वाटून तुमच्यापैकी किती जणींनी आधण ठेवलं असतं? खरं सांगा. मी ठेवलं नाही.