कोरडी चप्पल
दौंडच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला कोकणातलं ते कोळ्यांचं गाव आठवतं. आम्ही नवरा-बायको तिथं फिरायला गेलो, तवा भर दुपारी फारसं कुणी नव्हतं आन् समुद्र लांब, गप पडलेला. खडकांमधी कोमट पाण्याची कुंडं होती. बायकोला पोहता येत न्हाई, तरी मी तिला हट्टानं एका कुंडात बसवलं. नदीचं पाणी चढतंय का ते कळायला आम्ही काठावर खूण ठेवतो, तशी मी समुद्राच्या बाजूला चप्पल ठेवली. किनाऱ्यावर जाळं सांधणारी एक बाई ओरडली, "आबा, भरती लागली, बाहेर या!" मी म्हणालो, "भीमेचा पूर पोहून गेलेला माणूस हाय मी." ती म्हणाली, "मग दर्याला सांगा तसं!" बायको म्हणाली, "अवं, चला की." मी म्हणालो, "बस गुमान, चप्पल कोरडी हाय." चप्पल कोरडीच होती. पाणी आलं ते मागनं, खडक आन् किनाऱ्यामधल्या खोलगट जागेतनं, जराबी आवाज न करता, आन् किनाऱ्याकडची वाट बुडाली. बायको गळ्यापर्यंत पाण्यात गेली, माझ्या हातातनं तिचा हात निसटायला लागला, तवा त्या बाईनं आमच्याकडं जाळं फेकून आम्हां दोघांना वढून काढलं. आता घरात मी नुसतं 'बस' म्हटलं तरी बायको आधी मागं वळून बघती.