इथलं बोलणं इथंच

मी फारसं लिहीत नाही. लिहिलेलं बरोबर की चूक, या विचारातच कागद कोरा राहतो. तरी आमच्या जनवाड्याच्या नेत्रावतीबद्दल लिहावंसं वाटलं.

ती नौबादला घरोघर तूरडाळ विकते. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. डाळीच्या धंद्याचा मोबाइलवरचा वर्ग आम्ही दोघांनी लावला. तिनं पोटासाठी, मी वेळ जावा म्हणून. वर्गाच्या चर्चेत सगळे अडचणी लिहीत. कुणी चुकलं की बाकीचे हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावत. नेत्रावतीनं एकदा लिहिलं, "आमच्याकडं डाळीत खडा निघाला तर बाई दारात येऊन सांगती, बाजारात न्हाई. इथंबी तसंच करू. चूक दाखवायची तर अक्का, अण्णा म्हणून दाखवा. अन् इथलं बोलणं इथंच." लोकांना पटलं. मग मीही दोन ओळी लिहिल्या. कुणी हसलं नाही.

शेजारच्या पल्लवीला वर्गात तिनंच आणलं, जवळ बसवून लिहायला शिकवलं, डाळ करायलाही शिकवलं.

यंदा नेत्रावतीच्या एका पोत्याला ओल लागली. तिनं चर्चेत लिहिलं, "माझ्या डाळीला वास यायलाय. हे पोतं मी विकणार न्हाई. बाकीची कशी वाचवू?" पल्लवीनं त्या लिहिलेल्याचा फोटो काढला, पहिलं वाक्य ठेवून खालचं कापलं आणि नौबादच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं. तीही आता डाळ विकत होती.

दुसऱ्या दिवशी नेत्रावती भरलेली पिशवी तशीच घेऊन परत आली. मी तिच्या ओट्यावरच होतो. तिनं पल्लवीला हाक मारली.

"कामून केलीस गं असं?"

"तूच लिवलीस की, अक्का. मी काय खोटं टाकले?"

"अर्धं टाकलीस."

"धंदा हाय. तूच शिकवलीस की."

"डाळ करायला शिकवले मी."

"लई मास्तरीण झालीस," म्हणत पल्लवी हसली आणि घरात गेली.

नेत्रावतीनं त्या दाराकडं बघत पिशवी आत नेऊन ठेवली. गिऱ्हाइकं गेल्याचं ती बोललीच नाही.

रविवारी वर्गाच्या सरांनी चर्चेत विचारलं, "कुणाची काही अडचण?" नेत्रावतीसमोर नवी डाळ पसरलेली होती. वाळवूनही ती बोटांना चिकटत होती, आणि का ते तिला कळत नव्हतं. तिनं लिहिलं, "न्हाई सर."

"विचार की, बाई," मी तिच्या शेजारी बसल्या बसल्या म्हणालो.

"तिथं पल्लवी हाय, अप्पा."

ती पुन्हा डाळ चाचपू लागली.