नाला वळला तेव्हा

बेशरमची झुडपं कापल्याचा उग्र वास आला की मला आमच्या गावची बोडी, धानशेतांवरचा तो लहान तलाव, आठवते. एका वर्षी उन्हाळाभर आम्ही बायांनी तिच्यातली बेशरम उपटली, गाळ काढला आणि कधीकाळी सरळ खोदून टाकलेला नाला पुन्हा तिच्याकडे वळवला. आषाढात नाला फुगला तेव्हा सगळं गाव बोडीच्या पाळीवर, बांधावर, जमलं, कारण दरवर्षी तो घरांत शिरायचा. शेजारची म्हातारी बाई तर भांड्यांची टोपली डोक्यावर घेऊन शाळेकडे निघाली होती. “बाई, पाणी बोडीकडे वळून राह्यलं,” मी ओरडले. लाल पाणी खरंच बोडीत पसरत गेलं. तिने टोपली खाली ठेवली, “मंग मी चूल काऊन इझवली?” म्हणाली आणि पदर खोचून घराकडे धावली. आता ती नाही, पण नाला फुगला की मी आधी भात चढवते.