दोघी भाभी आणि उनपदेवचं कुंड

चाळिशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले. जुनी मारुती होती. नवऱ्याचं सगळं स्कूटरवर भागायचं, त्यामुळे गाडी बहुतेक दिवस दारात धूळ खात उभी. बुलढाण्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. निघालं की चढ नाहीतर उतार. तरी महिनाभरात मी जिल्हा परिषदेच्या कचेरीत गाडीने जायला लागले आणि मला वाटलं, आपल्याला येते.

वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली होती. तिचं माहेर मेहकरकडचं, पैनगंगेच्या काठचं. शेजारच्या घरात खाला राहायच्या; खाला म्हणजे मावशी, मी त्यांना तसंच म्हणायचे. त्यांचं मूळ गाव देऊळघाट. बाजारात त्यांच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान. आई त्यांना भाभी म्हणायची आणि त्याही आईला भाभीच म्हणायच्या. दोघींचे गुडघे दुखायचे. एकाच डॉक्टरने दोघींना एकच गोळी दिली होती, तरी संध्याकाळी ओट्यावर बसून कोणाच्या गोळीने जास्त फरक पडला यावर त्यांचा रोज वाद चालायचा.

उनपदेवचं नाव खालांनी काढलं. त्यांची नणंद चोपड्याला दिलेली.

"सातपुड्याच्या पायथ्याले जमिनीतून गरम पाणी येते म्हणते," त्या म्हणाल्या. "बाराही महिने. माझी नणंद दोनदा बसून आली त्याच्यात. आता जिने चढते."

"गरम? मंग तापवते कोण?" आईने विचारलं.

"अल्ला तापवते. अजून कोण?"

आई जरा विचारात पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुही गाडी जाते का व तेवढ्या दूर?"

गाडी जात होती, प्रश्न माझा होता. घाट मी तोवर एकदाही उतरले नव्हते. नवरा म्हणाला, ड्रायव्हर घेऊन जा. मला राग आला आणि त्या रागातच, मीच नेते, असं म्हणून बसले.

संक्रांत होऊन गेली होती. उजाडता उजाडता आम्ही तिघी निघालो. पुढे माझ्याशेजारी डब्यांची पिशवी, मागे दोघी. राजूर घाट लागला तसं मागचं बोलणं बंद झालं. पहिल्या वळणावर आईची रामरक्षा ऐकू यायला लागली, आणि दुसऱ्या कानाशी खालांची कुराणातली आयतल कुर्सी. दोघींचा आवाज वळणागणिक वाढत होता. घाट संपून मोताळा जवळ आलं तेव्हा दोघींनी एकदमच पाणी मागितलं.

"चांगली चालवते पोरगी," खाला म्हणाल्या.

"हाव," आई म्हणाली. "मी काही भ्याली नाही."

मलकापूर, भुसावळ, यावल. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या केळीच्या बागा, आणि उजव्या हाताला सातपुडा वाटभर सोबत. आमच्याकडच्या डोंगरांपेक्षा तो उंच, निळसर. आईने आयुष्यात देवदर्शन, लग्नं आणि मयती यांशिवाय प्रवास केला नव्हता. ती काच खाली करून बघत होती आणि मधूनच विचारायची, "आपण तिथं नेमकं काय करायले जाऊन राह्यलो?"

"बसायले," खाला म्हणायच्या.

"बसायले एवढ्या दूर?"

उनपदेवला पोचलो तेव्हा आधीच एक सहलीची बस उभी होती. डोंगराच्या कुशीत देऊळ, दगडी गोमुखातून पडणारी धार, खाली कुंड आणि वर हलकी वाफ. कुंडात सगळे कॉलेजचे पोट्टे. एकमेकांच्या अंगावर पाणी उडवून राह्यले होते, फोटो काढून राह्यले होते. आई पहिल्या पायरीवरच थांबली.

"मी नाही बाप्पा उतरत," ती म्हणाली. "एवढ्या पोट्ट्यांत?"

मी तिला समजावायला लागले. खालांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग त्यांनी झाडाखाली चटई पसरली, डबे उघडले. आईची कळण्याची भाकरी आणि ठेचा, खालांचे गुळाचे पराठे, आणि माझ्यासाठी वेगळ्या डब्यात उकडलेली अंडी. आईच्या नजरेआड खाता यावीत म्हणून त्या डब्याला त्यांनी रुमाल बांधून आणला होता. आम्ही सावकाश जेवलो. पोट्ट्यांना भूक लागेल तेव्हा ते निघतील, असा खालांचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. दुपारी त्यांची बस गेली. कुंडाशी दोन-तीन गावच्या बाया तेवढ्या राहिल्या.

खाला सलवार-कमीज आणि ओढणीसकट सरळ पाण्यात उतरल्या. "या अल्ला," एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर गळ्यापर्यंत बसल्या. आई काठावर पाय सोडून बसली. साडी पोटऱ्यांपर्यंत वर धरलेली, पदर खोचलेला. मी धारेखाली हात धरून पाहिला, चटका बसला. कुंडात मात्र आंघोळीच्या पाण्याइतकंच ऊन होतं.

"या ना भाभी," खाला म्हणाल्या. "कोण बघते तुम्हाले इथं?"

आईने इकडेतिकडे पाहिलं. मग वर धरलेली साडी हातातल्या पिशवीसारखी खाली सोडून दिली आणि एक एक पायरी उतरत छातीइतक्या पाण्यात गेली. तिथे ती जरा वेळ नुसती उभी राहिली. मला वाटलं, घाबरली. मी पुढे होणार तोच तिने मान मागे टाकली, पाय उचलले आणि ती पाण्यावर आडवी झाली.

मी ओरडलेच. खालाही उठल्या. पण आई बुडत नव्हती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, साडी भोवती फुगलेली, डोळे मिटलेले, आणि पायांची अगदी बारीक हालचाल. मग तिने कूस वळवली आणि चार हात मारून पलीकडच्या भिंतीला हात लावला. कुंड लहान होतं, नाहीतर ती आणखी गेली असती.

"आई, तुला पोहता येतं?"

"येते न."

"कधी शिकलीस?"

"लहानपणी. विहिरीत. कमरेले भोपळा बांधून ढकलून देत होते मले माहे काका. आमच्या गावातल्या सगळ्याच पोरीले येत होतं."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

ती पाणी निथळत पायरीवर बसली. तोंड लाल झालेलं. मी तिला इतकी तरुण कधी पाहिली नव्हती. तिच्या लग्नाच्या फोटोतही नाही, तिथे ती खाली बघत होती.

"काऊन सोडलं पोहणं?" खालांनी विचारलं.

आईने पदर पिळला. "सासरी नळ होता न भाभी," ती म्हणाली.

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. ती जसं घडलं तसं सांगत होती. घरात नळ आहे म्हणून तिच्या वडिलांनी ते स्थळ चांगलं मानलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दुपारी खालांनी हट्टच धरला, "मलेही शिकवा." आईने त्यांच्या पाठीखाली हात धरला. "अंग ढिलं सोडा भाभी. मान कडक नका करू. वर पाहा, वर." खाला हसून हसून बुडायच्या, ओढणी तोंडावर यायची, मग दोघीही खोकत पायरीवर. गावच्या बाया बघून हसत होत्या. मी काठावर टॉवेल धरून बसले होते. मला पोहता येत नाही, आणि त्या वेळी शिकावंसंही वाटलं नाही. मला फक्त बघायचं होतं.

गाडीच्या काचांना टॉवेल अडकवून दोघींनी कपडे बदलले. परतीच्या वाटेवर केळीच्या बागांमध्ये दोघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. गाडीभर ओल्या कपड्यांचा वास.

गुडघे काही बरे झाले नाहीत. पण पुढे दर हिवाळ्यात आम्ही गेलो. मधल्या काळात त्यांना जवळपासच्या रानाचीही चटक लागली. रविवारी सकाळी त्या चहा घेऊन तयारच असायच्या. कधी बोथ्याच्या जंगलात मोरांच्या मागे, कधी पलढगला पाण्याच्या काठी. एकदा लोणारला नेलं. आईने तिथल्या धारेखाली हात धरला आणि म्हणाली, "पाणी चांगलं आहे, पण थंड आहे व हे." उनपदेव पाहिलेल्या बाईचा तोरा होता तो.

तिसऱ्या वर्षी खाला आधाराशिवाय तरंगल्या. आईने हात हळूच काढून घेतला होता, त्यांना कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा त्या घाबरून बुडाल्या, वर आल्या आणि आईवर चिडल्या. "सांगून तरी सोडायचं!" मग पुढच्या क्षणी पुन्हा आडव्या झाल्या.

टाळेबंदीची दोन वर्षं गेली. त्यानंतर आई पायऱ्या उतरू शकली नाही. शेवटच्या खेपेला मी आणि खालांनी तिला धरून वरच्या पायरीवर बसवलं, आणि तिने नुसते पाय सोडले. खाला पाण्यात होत्या, तिच्या पोटऱ्या चोळत होत्या. "आता तुम्हीच पोहा भाभी," आई म्हणाली, "मी पाहतो." आनंदात असली की आई स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं 'पाहतो, जातो' म्हणायची. मी लहानपणी तिला त्यावरून चिडवायचे, पुण्याला शिकायला असताना तर लाजायचेही. त्या दिवशी ते ऐकायला फार गोड वाटलं.

दोन वैशाखांपूर्वी आई गेली. खाला तेरा दिवस आमच्याच घरात होत्या. पुढचा हिवाळा तसाच गेला. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. या जानेवारीत एका सकाळी मी गाडी पुसत होते. खाला ओट्यावर आल्या.

"टायरात हवा आहे का बेटा?"

"आहे."

"मंग चल."

घाटात त्यांनी आयतल कुर्सी म्हटली, नेहमीपेक्षा हळू. कुंडावर त्या दिवशी गर्दी नव्हती. त्या उतरल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या, मग आडव्या झाल्या. ओढणी बाजूला तरंगत होती. डोळे मिटून त्या बराच वेळ तशाच पडून होत्या आणि मी पायरीवर त्यांच्या चपला सांभाळत बसले होते.

शेजारी एक बाई लेकराला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "या वयात किती छान तरंगतात हो. तुमच्या आई का?"

"हाव," मी म्हणाले.

खालांनी डोळे उघडले. कान पाण्यात असल्यामुळे त्यांना ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणून राह्यली ते बाई?"

"पाणी किती खोल आहे, विचारतेय."

"मंग सांग न तिले," खाला म्हणाल्या, "छातीइतकं आहे म्हणाव. उतर म्हणाव. काही होत नाही."