मावशींच्या गॅलरीतला अंधार

खोटं बोलावं तर माझ्या मावससासूबाईंनी! अख्ख्या पंचवटीत त्यांचा हात धरणारं कुणी नसेल. पण स्वतःच्या फायद्यासाठी एक अक्षर खोटं बोलतील तर शपथ. सगळा कारभार दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून. खालच्या मजल्यावरचे आजोबा पेटी घेऊन भसाड्या आवाजात अभंग म्हणू लागले, की या वरून ओरडणार, "वा! आज आवाज काय लागलाय!" आजोबा लगेच दुसरा सुरू करायचे. मला चौथी पुरणपोळी वाढताना म्हणायच्या, "जावईबापू, दुसरीच आहे हो," आणि मी लोचटासारखा मान डोलवायचो.

या स्वभावापायी मावशी एकदा चांगल्याच अडकल्या. नव्वदच्या दशकात त्यांची शाळेतली मैत्रीण सुशीलाबाई निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला गेली. जाताना पॉइन्सेटियाची कुंडी यांच्या हवाली केली. "नाताळात याची वरची पानं लालभडक होतात. दरवर्षी कळवत जा गं." मावशींनी झाड पोटच्या पोरासारखं वाढवलं. अंधारात बिचारं एकटं कसं राहील, म्हणून गॅलरीतला दिवा झोपेपर्यंत चालू. दिवाळीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत वर आकाशकंदीलही. झाड उंचच उंच, हिरवंगार झालं, पण लाल पान औषधालाही नाही. तरी दर नाताळात नागपूरला पत्र जायचं, 'झाड नुसतं पेटलंय!' अशी नऊ वर्षं गेली. मग एकदा गणपती उठले आणि नागपूरहून पत्र आलं: 'यंदा नाताळात येते. झाड बघायचंच आहे.'

"जावईबापू, आता कुठल्या तोंडाने दार उघडू? एकुलती एक मैत्रीण हो माझी!" मावशी रडकुंडीला आल्या. पानांना आळता लावायचाही बेत झाला. तो मी हाणून पाडला. शेवटी बाजारात शेवंती विकणाऱ्या मळेवाल्या बाईने विचारलं, "रातचा दिवा पडतो का त्याच्यावर? आमच्या शेवंतीवर रस्त्याचा दिवा पडला, तर तेवढी रांग कळीच धरत नाय. दिवस बुडला की पार अंधार पायजे. रोज, लय दिवस."

मावशींनी भर बाजारात कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे मीच त्याला झोपू दिलं नाही!"

कुंडी चार माणसांना न हलणारी, म्हणून घरच अंधारात गेलं. सूर्य मावळला की गॅलरी बंद, लगतच्या खोलीत चहासुद्धा चाचपडत प्यायचा. दिवाळीला आकाशकंदील नाही हे बघून शेजारीण हळूच विचारून गेली, "सुतक आहे का हो?" मावशींनी खरं तेच सांगितलं, "झाड झोपलंय." कुणाचाही विश्वास बसला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सुशीलाबाई आल्या. शेंड्याला मोजून पाच पानं लाल झाली होती. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात मावशींचा बांध फुटला. "सुशे, नऊ वर्षं खोटं लिहिलं गं मी. हे पहिल्यांदाच लाल होतंय."

सुशीलाबाईंनी एका पानावरून बोट फिरवलं. "मग मी अगदी वेळेवर आले की!" म्हणाल्या, आणि मावशींना जवळ घेतलं.

दोन दिवसांसाठी आलेल्या बाई पंधरा दिवस राहिल्या. त्या घरात इतकं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.